थंडी आणि मूल (लेखांक ४) : एक जाड की तीन पातळ?

मागच्या लेखांकात थंडीतल्या अंघोळीचा विचार केला. आज कपड्यांकडे वळू. गारठा वाढला की कपाटातला सर्वांत जाड स्वेटर बाहेर निघतो, आणि तो पोराच्या अंगात चढवला की थंडीचा बंदोबस्त झाला असे आपण समजतो. आपल्याकडच्या थंडीला हा उपाय पुरा पडत नाही, असे माझे म्हणणे आहे. निफाडकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी २८ च्या आसपास जातो. सकाळी सातला शाळेच्या रिक्षात हवाहवासा वाटणारा स्वेटर मधल्या सुट्टीत नकोसा होतो. आत एवढेसे बनियन, म्हणून तो काढायचीही सोय नसते. मूल धावते, घामेजते, बनियन ओले होते. संध्याकाळी वारा सुटला की तेच ओले बनियन अंगातली ऊब शोषून घेते, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटींहून अधिक सहज वाहते.

मुळात कपडा स्वतः गरम नसतोच. धाग्यांत अडकून निश्चल झालेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडी जवळून पाहा. जुन्या सुती लुगड्यांचे, धोतरांचे पदर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले असतात. त्यातले विरलेले लुगडे एकटेच पांघरले तर रात्र कुडकुडत काढावी लागेल. पण पदरापदरांत हवा कोंडते आणि त्याच चिंध्यांची ऊबदार गोधडी होते. मुलाच्या अंगावर हेच करायचे: सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर पातळ लोकरी स्वेटर. ऊन चढेल तसा एकेक थर उतरवता येतो. गेल्या वर्षीचा, ताणून बसवलेला स्वेटर मात्र आतली हवा दाबून टाकतो. तो धाकट्याला द्यावा.

यावर पालक म्हणतात, शाळेत ठरलेल्या रंगाचाच स्वेटर चालतो. चालू द्या, थर गणवेशाच्या आत वाढवता येतात. दुसरी हरकत खर्चाची. पण तीन पातळ कपडे बहुतेक घरांत आधीच असतात, विकत आणावा लागतो तो जाड स्वेटरच. तिसरी हरकत अधिक खोल रुजलेली आहे: थर काढला की सर्दी होणारच. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि दारे-खिडक्या लावून एकत्र बसल्याने ती हिवाळ्यात अधिक पसरते. घामाने भिजलेल्या मुलाला आणखी गुंडाळून ती टळत नाही.

महिन्याच्या आतल्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे आजीची कुंची योग्यच आहे. मोठ्या माणसाचे डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण ९ टक्के, तर नवजात बाळाचे सुमारे २० टक्के असते. शिवाय त्याला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. अंगातली तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते, आणि कमी वजनाच्या बाळाकडे ती चरबीही थोडीच असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या शिकवणीत बाळाला उबदार ठेवणे हाही एक धडा होता. आज आशाताई घरी येऊन बाळाचे तापमान पाहतात, त्यामागे हेच काम आहे.

तापमापक नसेल तर हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळ थंडीशी झगडते आहे. एक थर वाढवावा किंवा उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे. दोन्ही गार लागली तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. मान घामेजलेली असेल तर थर कमी करावा, कारण अति गुंडाळणेही लहान बाळाला धोक्याचेच आहे. झोपेत सैल पांघरूण तोंडावर सरकू शकते, म्हणून ते छातीपर्यंतच घेऊन कडेने नीट खोचावे. खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.