मिऱ्याच्या बंधाऱ्यावर जुलैतला एक दिवस

सकाळी 6.30. चहाबरोबरच रात्रभराचे आकडे बघते. रत्नागिरीसमोर सुमारे 13 मीटर पाण्यात नांगरलेला पिवळा गोल दर अर्ध्या तासाला लाटांची उंची, दोन लाटांमधला वेळ आणि दिशा कळवतो. आज 3 मीटर आणि 9 सेकंद. म्हणजे लाटेच्या दर मीटर रुंदीला साधारण 45 किलोवॅट शक्ती. फेब्रुवारीत, 80 सेंटिमीटर आणि 6 सेकंदांच्या लाटांना, हाच हिशेब जेमतेम 2 किलोवॅटवर थांबतो. ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे नुसत्या नजरेने समुद्राचा जोर कळत नाही.

9.00. कार्यालय. पत्रं, सह्या, मग दिशांचा तक्ता. माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा कागद. किनाऱ्यावर तिरक्या येणाऱ्या लाटा वाळू कडेकडेने वाहून नेतात, त्यामुळे ऊर्जा किती आली याइतकंच ती कुठून आली हेही बघावं लागतं.

11.30. पौर्णिमेचं उधाण, भरती ऐन भरात. बंधाऱ्याच्या पायथ्याचा एक मोठा दगड सरकलाय. त्यामागची खडी उघडी पडलीय आणि परतणारी प्रत्येक लाट त्यातली मूठभर ओढून नेते. पलीकडच्या वाडीतल्या मावशी विचारतात, "मॅडम, आमच्याकडे भिंत कधी?" त्यांची भीती खरी आहे, माडांची मुळं उघडी पडलेली समोर दिसतायत. पण भिंत जिथे संपते तिथून पुढची वाळू जास्त कापली जाते, आणि त्या टोकाला आज त्यांचंच घर आहे. तिथेच उभं राहून त्यांना हे समजावते. घाईने फक्त बंधारा लांबवला, तर हेच दुखणं पुढच्या वाडीच्या दारात जाईल.

3.00. बैठक. दगडांच्या वजनावर वाद. लाट दीडपट उंच धरली तर दगड सव्वातीनपटीहून जड लागतो, आणि खर्चही फुगतो. म्हणून अंदाजाने नव्हे, मोजलेल्या लाटांवरून ठरवा, एवढा आग्रह मी सोडत नाही. ऑगस्टची पुळण बघून किनारा गेला असंही लिहू नये. पावसाळ्यात उथळ पाण्यात गेलेली वाळू ऑक्टोबरनंतरच्या संथ लाटा बरीचशी परत आणतात. किती परत आली, ते मे महिन्यात मोजायचं.

5.30. ओहोटी. सहकाऱ्याबरोबर पुळणीचा उतार मोजला. वाडीसमोर सध्या भिंत नको, वाळूचा भराव आणि मेपर्यंत मोजणी, अशी शिफारस लिहून पाठवली. सरकलेला दगड मात्र उद्याच्या ओहोटीला बसवायचा.