पन्हाळा : तटाइतकाच कोठाराचा गड



आपल्या शिवारातून मान वर केली की पन्हाळा दिसतो. रोज दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे बघत नाही, एवढंच. उत्तरेला वारणा, दक्षिणेला कासारी आणि मध्ये सह्याद्रीची पूर्वेला आलेली ही सोंड. भोवतालच्या रानापासून गड सुमारे ४०० मीटर उंच आहे. कोकणातून घाट चढून कोल्हापूरकडे येणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. म्हणूनच शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापासून इंग्रजांपर्यंत प्रत्येकाला हा गड हवासा वाटला.

तट, बुरूज, तीन दरवाजा आपण पाहतो. पण गड खरा तगला तो कोठारावर आणि पाण्यावर. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. एकट्या गंगा कोठीत सुमारे २५,००० खंडी धान्य मावे, अशी नोंद आहे. हे धान्य काही गडावर पिकत नव्हतं. ते खालच्या कुणब्याच्या खळ्यावरून वर जायचं. पाण्याला अंधार बाव आणि तळी होती.

अफजलखानाच्या वधानंतर अठराच दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्याच मार्चमध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला. पावसाळा लागला की वेढा ढिला होईल, असा अंदाज होता. पण जौहर हलला नाही. बाहेरून नेताजी पालकरांनी केलेला प्रयत्नही फसला. कोठार कितीही मोठं असलं, तरी खालची वाट तुटली की दिवस मोजावे लागतात. अखेर १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघाले. पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसले आणि प्राणाला मुकले. घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. पुढे तह होऊन गड आदिलशहाकडे गेला. १६७३ साली कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी तो परत जिंकला.

शेवटची लढाई तर जमिनीपायीच झाली. गडाचा पहारा करणाऱ्या गडकऱ्यांना त्या कामाबद्दल जमिनी होत्या. इंग्रजांच्या देखरेखीखाली चाललेल्या कारभारात या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली गेल्या आणि १८४४ साली गडकरी उठले. १ डिसेंबरला इंग्रजी तोफांनी तट फोडला. गड पडला आणि चार दरवाजाही पाडला गेला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने पन्हाळ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ही अभिमानाचीच गोष्ट. पण यंदा जोतिबाला जाल तेव्हा पोराबाळांना घेऊन थोडी वाट वाकडी करा. तीन दरवाजा दाखवाच, पण अंबरखान्यातही घटकाभर थांबा. तलवार गडकऱ्याची होती, तशी भाकरी आपल्या वाडवडलांच्या रानातली होती, हे त्यांना तिथं उभं राहून सांगा.