पुतळ्यांच्या गावात एक शनिवार

नातवंडं इमॅजिकाला जाऊन आली की पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नसतो. खोपोलीजवळचं हे उद्यान २०१३ साली सुरू झालं. त्याआधीच्या पिढीचं वेड वेगळं होतं. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडलं आणि पुढची काही वर्षं मुंबईला पाहुणा म्हणून गेलेल्या प्रत्येक माणसाला बोटीतून खाडी ओलांडून तिकडं जावंच लागलं. मीही मुलीला घेऊन गेलो होतो. पाळण्यात बसलो मात्र नाही. सगळ्यांच्या चपला, चष्मे आणि पैशांची पाकिटं सांभाळत दिवसभर खाली उभा राहिलो. बँकेतल्या माणसाकडं लोक आपापल्या ठेवी फार विश्वासानं देतात.

आम्हा रत्नागिरीकरांच्या वाट्याला असं गरगर फिरवणारं काही आलेलं नाही, आणि या वयात त्याची खंतही नाही. गेल्या पौषात एका शुक्रवारी रात्री मित्राचा फोन आला. ‘उद्या काय करतोस? चल, पुतळे बघून येऊ.’ पुतळे म्हणजे गणपतीपुळ्याजवळचं ‘प्राचीन कोकण’. रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसानं ते पाहिलेलं नसावं यात नवल काही नाही. थिबा राजवाडासुद्धा आम्ही पाव्हणे आले म्हणूनच पाहिला.

हा मित्र माझा गाववाला आणि शाळासोबती. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून लागला, तिथूनच निवृत्त झाला. मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून तो मला ‘साहेब’ म्हणतो. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे चाळीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

सकाळी त्याच्या जुन्या मारुतीतून निघालो. पूर्वी गणपतीपुळ्याला जायचं म्हणजे निवळीवरून वळसा घालून जावं लागे. आता शिरगाव मागं टाकून आरे-वारेच्या चढावर आलं की डाव्या हाताला एकदम समुद्रच उघडतो. तिथं गाडी थांबवायची, दोन मिनिटं काही बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. कलमांना मोहोर चांगला होता. मोहोर चांगला असला की मित्र काळजीत पडतो. ‘टिकला तर खरं,’ म्हणाला.

प्राचीन कोकण हे देवळापासून एखाद किलोमीटरवर, मालगुंडच्या वाटेला आहे. झाडीत वसवलेलं एक गावच. पाचशे वर्षांपूर्वीचं कोकण कसं असेल, ते माणसाएवढ्या पुतळ्यांमधून दाखवलेलं आहे. बारा बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले आहेत. बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो, त्याच्यामागून आपण या खोपटातून त्या खोपटाकडं जायचं. अशी उघड्यावरची संग्रहालयं दाखवण्याची कल्पना मूळची स्वीडनची. १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं. तिथं देशभरातली जुनी घरं मुळातून उचलून आणून पुन्हा उभी केली. आपल्याकडं कोल्हापूरजवळ कणेरी मठात गावगाड्याचे असेच पुतळे आहेत आणि तिथं सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. ज्या गावातून आपण पोटासाठी बाहेर पडलो, त्याच गावात तिकीट काढून परत शिरायला माणसांना आवडतं.

आमच्या घोळक्यात डोंबिवलीचं एक कुटुंब होतं. मुलं पटापट प्रश्न विचारत होती. बलुतं म्हणजे काय, तर वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. पैसा नाही, हिशेब नाही. ‘किती छान ना!’ त्या मुलांची आई म्हणाली. त्यांच्या सोसायटीत साधा प्लंबर मिळायची मारामार, त्यामुळं तिचं म्हणणं मला पटलं. मी मित्राकडं बघितलं. तो सुताराच्या पुतळ्यापाशी मागंच राहिला होता. वाकस, पटाशी, करवत यांची नावं तिथल्या एका मुलाला सांगत होता आणि बोलता बोलता डाव्या पायाचा अंगठा उचलून दाखवत होता. लाकूड तासताना सुतार ते पायानं कसं धरतो, ते.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. माझे आजोबा आमच्या गावचे खोत होते. खोत म्हणजे कोकणात सरकार आणि कुळं यांच्यामधला माणूस. सारा भरायचा सरकारला, त्याच्या कितीतरी पट वसूल करायचं कुळांकडून, वर वेठ घ्यायची ती निराळी. या पद्धतीविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं संप केला. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. खोती त्यांना पुस्तकातून वाचावी लागली नव्हती. कायदा शेवटी १९४९ साली झाला. माझा जन्म त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. म्हणजे मी खोताचा नातू खरा, पण खोती मी पाहिलेली नाही, असं मी बरीच वर्षं सांगत असे.

पाहिलं ते असं. भात झोडून झालं की मित्राचे वडील पोतं घेऊन आमच्या खळ्यात येत. नांगर, जोत, दाराची बिजागरं, आजोबांचा फणसाचा झोपाळा, सगळं त्यांच्या हातचं. आजोबा ओटीवर बसलेले. गडी पायलीनं भात मोजून पोत्यात टाकायचा. कुळाकडून घेताना पायली शिगोशीग भरायची आणि बलुतं देताना वरून हात फिरवून सपाट करायची. मला ती खेळातली गंमत वाटे. एकदा हट्टानं तो सपाट करायचा हात मीच फिरवला होता, आठ वर्षांचा असताना. सगळे हसले. मित्राचे वडीलही हसले. ‘भाऊ, तुम्ही चांगले शिकलात,’ म्हणाले.

भाऊ म्हणजे मी. पन्नाशीच्या आसपासचा तो माणूस मला ‘तुम्ही’ म्हणत असे. मी त्यांना ‘अरे’ म्हणून हाक मारी. माझ्या वडिलांनाही तो शब्द कधी खटकला नाही, आणि ते शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. शहरात शाळेच्या एका बाकावर बसणारा त्यांचा मुलगा मला ‘तू’ म्हणायचा, पण गणपतीत गावी गेलो की खळ्यात उभा राहून मला हाकच मारायचा नाही. नुसताच खाकरायचा. कायदा १९४९ चा, पण आमच्या घरातल्या बोलण्यापर्यंत पोचायला त्याला आणखी कितीतरी पावसाळे लागले.

पुतळ्याला तोंड असतं, आवाज नसतो. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुत्याची सगळी व्यवस्था तपशीलवार लिहून ठेवली आहे. वाटे, हक्क, मान, भांडणं, काही सोडलेलं नाही. पण कोण कुणाला काय म्हणून हाक मारी, ती कानाला कशी लागे, हे कुठल्याच पुतळ्यात ओतता येणार नाही. त्यात मूर्तिकाराचा दोष नाही. त्यानं हात दाखवले, ते पुष्कळ झालं.

फेरी संपल्यावर बाहेर बाकावर कोकम सरबत घेऊन बसलो. डोंबिवलीची मुलं शंख कानाला लावून बघत होती. मित्र म्हणाला, ‘साहेब, बाबांची म्हैस आठवते का?’

आठवत होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही तिचं नाव काढलेलं नव्हतं. १९८५ चं साल. मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून देशभर सुरू झालेला, गरिबाला कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान. ग्रामीण कारागिराला अनुदान एक तृतीयांश. कागदावर योजना उत्तम होती. शाखेत मात्र मार्चचं उद्दिष्ट असे आणि उद्दिष्ट भरायला सगळ्यांत सोपं जनावर म्हणजे म्हैस. त्या काळात देशातल्या किती न्हाव्या-शिंप्यांनी म्हशी घेतल्या असतील, देव जाणे. आमच्याकडं तर विम्याचा बिल्ला एका म्हशीच्या कानातून दुसरीच्या कानात जाई.

मित्राचे वडील अवजारांसाठी कर्ज मागायला आले. मी त्यांना सांगितलं, अवजारांचं या तिमाहीत बसत नाही, म्हैस घ्या, लगेच करून देतो. ते म्हणाले, ‘भाऊ, सुतारानं म्हैस घेऊन काय करायचं?’ मी अर्जावर ‘अर्जदार इच्छुक नाही’ असा शेरा मारला. वरिष्ठांचा आग्रह होता, नवी नोकरी होती, ही कारणं खरी आहेत. पण शेरा माझ्या अक्षरातला होता.

‘घरी येऊन काय म्हणाले?’ मी विचारलं.

‘म्हशीचं काही नाही बोलले. त्याचं त्यांना हसूच आलं होतं. आईला सांगत होते, भाऊंनी मला बसा म्हटलं. दोनदा सांगितलं.’

मला काय बोलावं सुचेना. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच ‘बसा’ म्हटलं होतं, हे मला आठवत होतं. म्हणताना जीभ अडखळली होती, तेही. मनातल्या मनात त्या एका शब्दाचं व्याज मी पुढं पुष्कळ वर्षं खात आलो होतो.

‘बसले होते ना?’

मित्रानं ग्लासातला बर्फ हलवला. ‘कुठं बसणार? खुर्चीवर तुझ्या फायली होत्या. अर्धा तास उभेच होते, म्हणाले.’

फायली मला आठवत नाहीत. कितीही ताण दिला तरी टेबल आठवतं, खिडकी आठवते, त्यांच्या हातातली कापडी पिशवी आठवते. खुर्ची आठवत नाही.

तो उठला. ‘चल, भूक लागली,’ म्हणाला. देवळाकडं आलो, एका घरगुती खानावळीत उकडीचे मोदक मिळाले, प्रत्येकी तीन. बिलावरून आमची नेहमी झटापट होते आणि नेहमी मीच जिंकतो. त्या दिवशी बिल त्यानं दिलं. मी हात खिशात घातला नाही.