प्रसिद्धीपत्रकांच्या तारेचा प्रवास

कंपन्यांची प्रसिद्धीपत्रके एकाच क्षणी शेकडो वृत्तपत्रांच्या कार्यालयांत आणि शेअर बाजारातील दलालांपर्यंत पोहोचविण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे, याची सर्वसामान्य वाचकाला फारशी कल्पना नसते. अमेरिकेत या व्यवसायाला सात दशकांची परंपरा आहे.

आधुनिक प्रसिद्धीपत्रकाचा आरंभ १९०६ मध्ये झाला, असे मानले जाते. अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, तेव्हा कंपनीचे प्रसिद्धी सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती न दडविता पत्रकारांना लेखी निवेदन दिले. पुढे अशी पत्रके टपालाने किंवा निरोप्यामार्फत पाठविली जात. साहजिकच कोणाला ती आधी मिळत, कोणाला उशिरा.

ही उणीव हेरून हर्बर्ट मुशेल यांनी १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'पीआर न्यूजवायर' सुरू केली. टेलिप्रिंटरच्या तारेने पत्रक सर्व वृत्तपत्रांत एकाच वेळी उमटू लागले. वृत्तसंस्थेला वृत्तपत्रे पैसे मोजतात. येथे मात्र पत्रक पाठविणारी कंपनी शुल्क भरते. १९६१ मध्ये लॉरी लोकी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'बिझनेस वायर' स्थापन केली. ती २००६ मध्ये वॉरन बफे यांच्या 'बर्कशायर हॅथवे'ने विकत घेतली.

इंटरनेटने वेग वाढविला, तसा धोकाही. ऑगस्ट २००० मध्ये 'इंटरनेट वायर' या सेवेच्या एका माजी कर्मचाऱ्याने 'एम्युलेक्स' कंपनीच्या नावे बनावट पत्रक पाठविले. मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिल्याचा मजकूर त्यात होता. सेवेने ते प्रसृत केले, वित्तीय वृत्तसंस्थांनी उचलले आणि कंपनीच्या शेअरचा भाव काही वेळातच साठ टक्क्यांहून अधिक कोसळला. खरा प्रकार उघड होईपर्यंत घाबरून शेअर विकणाऱ्या गुंतवणूकदारांचे नुकसान होऊन चुकले होते. संबंधित तरुणाला पुढे तुरुंगवास झाला.

२०१५ मध्ये वेगळाच प्रकार समोर आला. संगणकचोरांनी 'पीआर न्यूजवायर', 'बिझनेस वायर' आणि 'मार्केटवायर्ड' यांच्या यंत्रणांत शिरून प्रसिद्ध न झालेली पत्रके चोरली आणि ती आधीच वाचून शेअर व्यवहार करणाऱ्यांनी कोट्यवधी डॉलर कमावले, असा आरोप अमेरिकी तपास यंत्रणांनी ठेवला. माहिती सर्वांना एकाच वेळी मिळावी, याच तत्त्वावर उभ्या असलेल्या व्यवसायाच्या वर्मावरच हा घाव होता.

भारतात शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपन्यांना महत्त्वाच्या घडामोडी प्रथम शेअर बाजाराला कळवाव्या लागतात. त्यामुळे कंपनीच्या नावे फिरणारे पत्रक खरे की खोटे, हे गुंतवणूकदाराला मुंबई किंवा राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर पडताळता येते. वितरण सेवा पत्रक कोणी पाठविले याची खातरजमा करते. त्यातील दाव्यांची जबाबदारी मात्र पाठविणाऱ्या कंपनीची असते. म्हणूनच पत्रक हाती पडल्यावर दूरध्वनी उचलून चौकशी करण्याचे वार्ताहराचे काम तारेच्या या युगातही संपलेले नाही.