लोणारचे राखणदार

बुलढाणा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जेथे वऱ्हाडची हद्द मराठवाड्याच्या हद्दीला जाऊन भिडते, तेथे सोयाबीन-कपाशीच्या शेतांमधून निघालेल्या प्रवाशाच्या पुढची जमीन एकाएकी संपते आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरांच्या आसपास खोल असे वर्तुळाकार विवर त्याच्यासमोर उघडे होते. उतारांवर पानझडी अरण्य आणि तळाशी खारट, तीव्र अल्कधर्मी पाण्याचे सरोवर. हे एखाद्या ज्वालामुखीचे मुख असावे हा तर्क दीर्घकाळ प्रचलित होता. पण 1973 साली, प्रचंड आघाताच्या दाबाखालीच घडणारे मास्केलिनाइट नावाचे काचसदृश द्रव्य येथील खडकांत सापडले आणि उल्कापाताचा सिद्धान्त सुप्रतिष्ठित झाला. तो पात कधी झाला याविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. एका पद्धतीने काल सुमारे 52 हजार वर्षांचा ठरतो, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांचा. चंद्रपृष्ठावरील अनेक विवरांप्रमाणे हेही बेसाल्टमध्येच पडलेले असल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांची दृष्टी या आडगावाकडे लागलेली असते. मला येथे सांगायचे आहे ते या विवराच्या राखणीच्या कारभाराविषयी.

या पाण्याची सरकारदरबारी नोंद जुनी आहे. अबुल फज्लच्या ‘आईने अकबरी’त मेहकरच्या प्रदेशातील या स्थळाचा उल्लेख येतो, आणि तोही काच व साबण करण्यास उपयुक्त अशा द्रव्यांच्या आणि त्यांवरील महसुलाच्या संदर्भात. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची वार्ता पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेली. 1912 साली ला टूश आणि ख्रिस्ती या भूशास्त्रज्ञांनी त्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. तळाच्या चिखलावर उन्हाळ्यात जमणाऱ्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती, आणि कोणता थर कशाच्या कामाचा हे क्षार वेचणाऱ्या माणसांना हाताच्या स्पर्शावरून कळत असे. म्हणजे शेकडो वर्षे राज्यकर्त्यांना हे तळे ठाऊक होते ते उत्पन्नाची बाब म्हणून. ते सांभाळावयाचे असते, हा विचार सरकारी दप्तरात फार उशिरा शिरला.

राखणीचा प्रश्न नीट समजावयाचा तर पाण्याची वाट पाहिली पाहिजे. लोणार कसब्याच्या बाजूला काठाशीच ‘धार’ आहे; गोमुखातून गोड्या पाण्याचा प्रवाह बारमाही पडतो, भाविक त्याखाली स्नान करतात, आणि तेच पाणी दगडी कुंडांतून ओघळत उतारावरील झाडोऱ्यातून खाली जाते. रामगया आदी अन्य झऱ्यांचे पाणीही तळाकडेच येते. खाली उतरल्यावर कमळजादेवीच्या देवळाशी पोहोचेपर्यंत गोड्या पाण्याची हिरवळ मागे पडून पायांखाली क्षारांचा पांढुरका पापुद्रा मोडू लागतो आणि पाण्याचा उग्र दर्प नाकाला झोंबतो. त्या पाण्याला बाहेर पडावयास मार्ग नाही. जाते ते वाफेनेच. म्हणून जे जे आत येते, मग ती झऱ्याची धार असो, शेतातील खत-कीटकनाशकांचे अंश असोत, की गावच्या गटाराचे पाणी असो, त्यातील विरघळलेले सारे तेथेच साठत राहते. नदीला अपराध वाहून नेता येतो. लोणारच्या सरोवराला ती सोय नाही.

आता राखणदार पाहा. 1979 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. 2000 साली महाराष्ट्र शासनाने येथे वन्यजीव अभयारण्य घोषित केले आणि वनखात्याकडे उतार व तळ यांची जबाबदारी आली. विवरातील आणि गावातील प्राचीन मंदिरे, त्यांत लवणासुराच्या वधाची कथा जिच्याशी निगडित आहे ती दैत्यसूदनाची शिल्पसमृद्ध वास्तू, ही पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत. काठाबाहेरची जमीन महसूल खात्याच्या आणि खातेदारांच्या नावे, गटारे नगर परिषदेकडे, रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, यात्रेकरूंच्या सोयी पर्यटन महामंडळाकडे. प्रत्येकाचे आपापले दप्तर नीट ठेवलेले असू शकेल. परंतु अभयारण्याची रेषा नकाशावर काठापाशी थांबते आणि पाणी तिला विचारून आत शिरत नाही. गावच्या सांडपाण्याचा ओघळ जेव्हा उतारावरून खाली गेला, तेव्हा वनखात्याने नगर परिषदेकडे आणि नगर परिषदेने निधीच्या मंजुरीकडे बोट दाखवावे, असाच प्रकार वर्षानुवर्षे चालला. वेड्या बाभळीने दरम्यानच्या काळात काठाकाठाने आपले बस्तान बसविले.

ही तुटलेली साखळी जोडण्याचा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने केला. 2009 सालच्या जनहित याचिकेच्या सुनावणीत खंडपीठाने एकामागून एक खात्यांना जाब विचारला; सांडपाणी, अतिक्रमणे, वेडी बाभूळ, रस्ते, मंदिर-परिसरातील वापर असे सारे विषय एकाच पटलावर आले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालील समितीमुळे निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी एका बैठकीत बसू लागले. मला हा या साऱ्या कारभारातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण येथे नवा कायदा नव्हे, तर असलेल्या कायद्यांची एकत्र अंमलबजावणीच हवी होती. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा न्यायालयाने नमुने तपासण्याचे आदेश दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या रंगाचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. पाऊस कमी, उष्मा अधिक, पाणी आटून क्षार दाट झाले, आणि त्या दाट पाण्यात ते जीव फोफावले. नमुना स्थिर ठेवल्यावर जैवद्रव्य तळाशी बसून पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागले, हा तपशील मला विशेष सुंदर वाटतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरोवराला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरानंतर महाराष्ट्रातील हे दुसरे स्थळ. त्या नोंदीत 160 जातींचे पक्षी आणि लांडग्यासह 12 सस्तन प्राणी नमूद आहेत. 2022 साली राज्य शासनाने संवर्धन व विकासासाठी सुमारे 369 कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली.

एवढा पैसा आणि एवढे हुकूम यांच्या गर्दीत लोणारचा रहिवासी कोठे उभा आहे? पूर्वी विवराच्या आत शेती होती. झऱ्यांच्या गोड्या पाण्यावर केळी-पपईच्या बागा पिकत, गुरे चरत, सरपण निघे. अभयारण्य झाले आणि ते सारे बेकायदा ठरले. सरोवराच्या दृष्टीने ते आवश्यकच होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तथापि ज्या कुटुंबांच्या हातचा आधार त्या हुकुमाने गेला, त्यांच्या नावाचा रकाना आराखड्यात ठळक असावयास हवा, आणि काठावरच्या शेतकऱ्याला खत-औषधांचा वापर आवरण्यास सांगताना त्याच्या घटणाऱ्या पिकाचा हिशेबही सरकारनेच मांडावयास हवा. सांडपाण्याचेही तसेच. गटार उघडे असते ते मोठ्या रस्त्यावर क्वचित, गरिबांच्या गल्लीत नेहमी; तेथे बंदिस्त नळी टाकली की मुलांच्या पायांखालची घाण जाते आणि सरोवराच्या तोंडातलीही जाते. लोणारमध्ये पर्यावरणाचे रक्षण आणि नागरिकाला न्याय ही दोन कामे एकाच खंदकातून पुढे जातात.

याच जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील अनेक गावांच्या विहिरींना खारे पाणी लागते. ते पिऊन मूत्रपिंडाचे विकार होतात ही तेथील माणसांची जुनी तक्रार. वान धरणाचे पाणी नेणारी 140 गावांची योजना या वेदनेतूनच उभी राहिली. लोणारचे खारे पाणी दुर्मीळ म्हणून जगाने जपावे आणि संग्रामपूरचे खारे पाणी सामान्य म्हणून माणसांनी मुकाट प्यावे, ही विसंगती बुलढाण्याच्या कारभाऱ्यांनी कायम डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. एका सरोवरासाठी खात्यांना एका बैठकीत बसविणे शक्य झाले, तर त्या विहिरींसाठीही ते अशक्य नाही.

लोणारपुरती माझी मागणी साधी आहे. पाण्याचा सामू, क्षारता आणि पातळी यांचे मासिक आकडे नगर परिषदेच्या फलकावर मराठीत लागावेत. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त कोणाही रहिवाशाला अर्जाविना वाचावयास मिळावे. वेडी बाभूळ काढण्याचे, वाटाड्याचे आणि पाण्याचे नमुने घेण्याचे काम, योग्य प्रशिक्षण देऊन, ज्यांच्या केळीच्या बागा गेल्या त्यांच्या घरातील मुलामुलींना प्रथम द्यावे. आणि आयुक्तांच्या पुढच्या बैठकीत काठावरच्या एका शेतकऱ्याला व गटारालगत राहणाऱ्या एका गृहिणीला अधिकाराने बसण्याची जागा असावी.