तापीकाठचा यात्रेकरू तिबेटात

कैलास-मानसरोवरच्या यात्रेला निघालेला भारतीय माणूस सीमा ओलांडताच परदेशी प्रवासी ठरतो. कैलास पर्वत आणि मानसरोवर चीनच्या तिबेट स्वायत्त प्रदेशात, पश्चिमेकडील ङारी विभागात येतात. तिथे परदेशी नागरिकाला एकट्याने हिंडता येत नाही. मान्यताप्राप्त यंत्रणेने काढलेला परवाना, ठरलेला मार्ग, सोबत नेमलेला गाइड आणि त्या गटासाठीचे वाहन, एवढे असल्याशिवाय तो एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ शकत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला याशिवाय आणखी एक अडचण येते. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 210 मीटर उंचीवर आहे, आणि कैलास परिक्रमेतील सर्वांत उंच जागा, डोलमा खिंड, 5,630 मीटरवर. परवान्याचे नियम आणि उंचीचे नियम, या दोहोंच्या चौकटीतच तिथली सगळी हालचाल होते.

खानदेशाला डोंगरावरच्या यात्रा नवीन नाहीत. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्यांच्या रांगा धुळे-मालेगावच्या रस्त्यांवर दिसतात. दिवाळीच्या सुमारास सातपुड्यातील अस्तंभ्याच्या यात्रेला लोक रात्रीच्या अंधारात चढतात. त्यामुळे चालण्याचा सराव असलेली माणसे इथे पुष्कळ आहेत. पण अस्तंभा 1,325 मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई 1,646 मीटर. या उंचीवर हवा विरळ झाल्याचे शरीराला जाणवतही नाही. लळिंगचा किल्ला, पाटणादेवीचे डोंगर किंवा पालचे जंगल यांत महिनोन्‌महिने केलेल्या सरावाने पाय आणि दम तयार होतात, तो अवश्य करावा. मात्र विरळ हवेची सवय त्यातून लागत नाही. ती सवय फक्त उंचीवर राहूनच लागते आणि तिला दिवस द्यावे लागतात.

जाण्याचे मार्ग मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. 1962च्या युद्धानंतर बंद पडलेली ही यात्रा 1981 साली पुन्हा सुरू झाली. उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीचा मार्ग जुना आहे, तर सिक्कीममधील नाथू ला 2015 पासून उघडला. 2020 पासून यात्रा थांबली होती, ती 2025च्या जूनमध्ये परत सुरू झाली. त्या वर्षी 50 जणांची एक, अशा लिपुलेखमार्गे 5 आणि नाथू लामार्गे 10 तुकड्या ठरल्या. अर्ज संकेतस्थळावर करायचा आणि निवड संगणकीय सोडतीने. पासपोर्ट भारतीयच हवा, वय 18 ते 70 यांच्या दरम्यान हवे. दुसरा प्रकार खासगी संस्थांचा, नेपाळमार्गे. काठमांडूहून रसुवागढी-केरुंगच्या नाक्याने बसने जाता येते, किंवा नेपाळगंजहून लहान विमानाने सिमीकोट, तिथून हेलिकॉप्टरने हिल्सा आणि मग सीमेपलीकडे तकलाकोट गाठता येते.

खानदेशाच्या दृष्टीने सुरुवात सोपी आहे, कारण भुसावळ जंक्शन हाताशी आहे. दिल्लीच्या गाड्या जळगाव-भुसावळहून थेट मिळतात. लखनौकडे पुष्पक एक्स्प्रेस आणि गोरखपूरकडे कुशीनगर एक्स्प्रेस याच मार्गाने जातात. लखनौहून नेपाळगंज आणि गोरखपूरहून सोनौलीची सीमा रस्त्याने गाठता येते. धुळ्याच्या माणसाला चाळीसगाव किंवा जळगाव गाठून गाडी धरावी लागते, एवढाच फरक. भारतीय माणसाला नेपाळात शिरायला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही पुरते. त्यामुळे पासपोर्टकडे दुर्लक्ष होते. तिबेटसाठी मात्र पासपोर्टच लागतो, त्याची मुदत प्रवासानंतरही किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि व्हिसाच्या कामासाठी तो आधीच सोपवावा लागतो.

सरकारी यात्रेत दिल्लीला काही दिवस जातात ते वैद्यकीय तपासणीत. रक्त, छातीचा एक्स-रे, ताणचाचणी हे सगळे होते, वजन उंचीच्या मानाने जास्त भरले तर नाव गळू शकते. रक्तदाब किंवा साखरेचा त्रास लपवून पुढे सरकण्याची धडपड काही जण करतात. पण लिपुलेख मार्गावर गुंजी येथे, सुमारे 3,200 मीटर उंचीवर, भारत-तिबेट सीमा पोलिसांचे डॉक्टर पुन्हा तपासतात आणि तिथूनही माणसांना परत पाठवले जाते. घरच्यांना, गावाला निरोप देऊन, पाया पडून निघालेल्या माणसाला हे परतणे फार लागते. तरी गुंजीचा मुक्काम आणि ही तपासणी या मार्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. नाथू लाच्या मार्गावर हेच काम 18वा मैल आणि शेराथांग येथील मुक्कामांत होते.

खासगी यात्रेत गटाचा व्हिसा असतो. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी एका कागदावर सगळ्या गटाची नावे क्रमाने छापलेली असतात. नाक्यावर त्याच क्रमाने रांगेत उभे राहायचे असते. आपला क्रमांक लक्षात ठेवणे आणि आपल्या मागच्या-पुढच्या माणसाला ओळखणे, ही तिथली पहिली शिस्त. गट एकत्र आत जातो आणि एकत्रच बाहेर पडतो. मध्येच कुणाला परतायचे झाले, तर त्याचे नाव त्या कागदावरून वेगळे काढून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. आजारी माणसाच्या बाबतीत हा वेळ महाग पडतो. म्हणून पहिले लक्षण दिसताच गाइडला सांगणे हे तिथे शिष्टाचारापेक्षा मोठे आहे. नाक्यावर सामान उघडून पाहतात. दलाई लामांचे छायाचित्र किंवा तिबेटवरची राजकीय पुस्तके सापडली तर अडचण साऱ्या गटावर येऊ शकते.

सीमेपलीकडे घड्याळ अडीच तास पुढे करावे लागते. चीनमध्ये सर्वत्र बीजिंगचीच वेळ चालते, त्यामुळे पश्चिम तिबेटात सकाळी सात वाजताही बाहेर अंधार असतो. भारतीय रुपये चालत नाहीत, युआन घ्यावे लागतात आणि ते तकलाकोट किंवा केरुंगसारख्या ठिकाणीच बदलून घेतलेले बरे. चिनी इंटरनेटवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाहीत. घरी ही गोष्ट निघतानाच सांगून ठेवावी, म्हणजे चार दिवस फोन आला नाही तरी चाळीसगाव किंवा अमळनेरला घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही.

तिबेटातील रस्ते आता उत्तम डांबरी आहेत. पूर्वी जीपगाड्या आणि मागून तंबू-शिध्याचा ट्रक असा ताफा चालायचा, आता मोठ्या बस चालतात. यातच एक धोका दडलेला आहे. वाहन जितके वेगाने वर नेते, तितका शरीराला वेळ कमी मिळतो. उंचीवरील वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम असा, की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. केरुंग साधारण 2,800 मीटरवर आहे आणि पुढचा मुक्काम सागा 4,500 मीटरच्या आसपास. बस हे अंतर एका दिवसात कापते, म्हणजे नियम तिपटीहून अधिक मोडला जातो. त्यामुळे केरुंगला दोन रात्री थांबणारे गट शहाणे म्हणायचे. हेलिकॉप्टरच्या यात्रेत तर सपाटीवरच्या नेपाळगंजहून माणूस मोजक्या दिवसांत 4,590 मीटरवरच्या मानसरोवराकाठी उभा राहतो. जाहिरातीत याच गोष्टीचे 'कमी दिवसांत दर्शन' असे कौतुक होते. वयस्कर माणसाने या जाहिरातीला भुलू नये.

विरळ हवेचा परिणाम पहिल्यांदा डोके दुखण्यातून आणि भूक मरण्यातून दिसतो. झोप तुटते, मळमळते. एवढ्यावर थांबले तर एक-दोन दिवसांत शरीर जुळवून घेते. पण बसल्या जागी धाप लागणे, खोकल्याबरोबर फेस येणे, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचल्याची चिन्हे आहेत आणि त्यावर तातडीने खाली उतरवणे हाच खरा उपाय. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता बहुतेकांजवळ असते. मानसरोवरावर त्यात 80 ते 85 आकडा दिसणे नवलाचे नाही, पण जळगावात 98 पाहायची सवय असलेला माणूस घाबरतो. आकड्यासोबत माणसाची चाल, बोलणे आणि जेवण पाहावे. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या अनेक जण घेतात. त्या निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी विशेषतः. तिबेटच्या त्या भागात नेपाळसारखे हेलिकॉप्टर बोलावून रुग्ण उचलता येत नाही. आधी रस्त्याने सीमेपर्यंत आणायचे आणि मग पुढची सोय. विमा उतरवताना ही गोष्ट विचारून घेतली पाहिजे.

जेवणाचा प्रश्न पुष्कळसा नेपाळी शेर्पांच्या स्वयंपाकी पथकाने सोडवला आहे, गटाबरोबर डाळ-भात शिजतो. मानसरोवरावर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरवाचून डाळ-तांदूळ शिजत नाहीत. चहाही कोमट वाटतो. भूक नसताना पोटात जावे म्हणून घरचे थोडे जवळ असावे. खानदेशात प्रवासासाठी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या करतात, त्या पहिल्या चार दिवसांच्या कामाच्या. पुढे शेंगदाण्याची चटणी, लाडू, खारे दाणे. पाणी मात्र तहान नसतानाही प्यायला हवे. जळगावच्या मे महिन्यात घामाने आठवण होते, तिबेटच्या कोरड्या थंडीत ती होत नाही.

मानसरोवरात उतरून स्नान करायला 2018 पासून मनाई आहे. काठावर बादलीने पाणी घेऊन आंघोळ करू देतात. सरोवरात बुडी मारण्याचा संकल्प करून आलेल्यांचा इथे वाद होतो. त्यात पडू नये, कारण त्याचा भुर्दंड गाइडला आणि पुढच्या गटांना बसतो.

परिक्रमा 52 किलोमीटरची, तीन दिवसांची, आणि ती दारचेन गावातून सुरू होते. यमद्वारापर्यंत बस नेते. तिथे घोडे आणि हमाल मिळतात. घोडेवाले आसपासच्या तिबेटी कुटुंबांतले. कोणत्या यात्रेकरूला कोणता घोडा, हे चिठ्ठी काढून ठरते. दर ठरलेला असतो, पैसे युआनमध्ये, घासाघीस चालत नाही. घोडा तीन दिवसांसाठीच घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी घेतला नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय थकले, तर वाटेत घोडा मिळेलच असे नाही. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे, त्याने यमद्वारालाच निर्णय घ्यावा. हमाल घेणे तर प्रत्येकाने पसंत करावे. पाठीवर पाच किलो वजन असणे आणि नसणे यांतील फरक 5,000 मीटरवर फार मोठा असतो.

पहिल्या दिवशी डेरापुकपर्यंत बारा-तेरा किलोमीटरची सौम्य चढाई असते. कैलासाचे उत्तर मुख इथून समोर दिसते, आणि इथवर येऊन परत फिरणारेही अनेक असतात. त्यांची यात्रा अपुरी समजण्याचे काही कारण नाही. दुसरा दिवस कसोटीचा. पहाटे अंधारात निघायचे, कारण दुपारनंतर खिंडीत वारा आणि हिमवृष्टी वाढते. डोलमा खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. दहा पावले टाकून थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावले. खिंडीत रंगीत पताकांजवळ थोडाच वेळ थांबावे. पलीकडची उतरण खडकाळ आणि बर्फाळ असल्याने घोड्यावर बसून उतरता येत नाही. सगळ्यांनाच चालावे लागते, आणि घोडा केला म्हणून काठी व बूट यांकडे दुर्लक्ष केलेल्यांचे गुडघे इथे बोलतात. खाली गौरीकुंड दिसते. तिथपर्यंत उतरून जाण्याचा मोह दमलेल्या माणसाने टाळावा. त्या दिवशी झुथुलपुकपर्यंत एकंदर बावीस किलोमीटर होतात. तिसऱ्या दिवशी उरलेले अंतर सोपे आहे.

या वाटेवर हिंदू, बौद्ध आणि जैन उजवी घालून चालतात, तर तिबेटचा जुना बोन धर्म मानणारे लोक उलट दिशेने येताना भेटतात. काही तिबेटी यात्रेकरू सारी परिक्रमा साष्टांग दंडवत घालत करतात. त्यांना वाट द्यावी, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. भाषा येत नसली तरी 'ताशी देलेक' एवढे म्हटले की समोरचा माणूस हसून उत्तर देतो.

सीमेवरचा कोणताही रस्ता कधीही बंद होऊ शकतो. 2015च्या भूकंपाने नेपाळ-तिबेट सीमेवरचा कोदारीचा नाका बंद पाडला. 2017 साली भारत-चीनमधील डोकलामच्या वादात नाथू लाची यात्रा थांबली. जुलै 2025 मध्ये भोटेकोशीच्या पुरात रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला. म्हणून परतीचे आरक्षण करताना चार दिवस हाताशी ठेवावेत, आणि यात्राकंपनीला पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत: केरुंग किंवा तकलाकोटला किती रात्री मुक्काम आहे, गटासोबत ऑक्सिजन आणि डॉक्टर आहेत का, आणि एखाद्याला मध्येच खाली आणावे लागले तर गाडी व कागदपत्रे कोण सांभाळणार. याची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या कंपनीबरोबर कितीही स्वस्तात जाऊ नये.