व्हिएतनामी वाफवलेला तांदळाचा केक नाशकात मिळेल का, आणि आपल्याला चालेल का?

मोबाईलवर व्हिएतनामचे वाफवलेले तांदळाचे केक बघून मुलं "हे खायचंय" म्हणतात, तेव्हा आपल्यासमोर हेच दोन प्रश्न येतात.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या हॉटेलांत 'एशियन' म्हणून बहुतेक मोमो, डिमसम, नूडल्सच असतात. केक मिळेलच असं धरून दूध बाजारातून रिक्षा करू नका, आधी फोन करा.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. 'तांदळाचंच तर आहे' एवढ्यावर आपण समाधान मानू नये. ह्वे शहराचा 'बान्ह बेओ' छोट्या वाटीत वाफवतात. त्यावर सुकी कोळंबी घालतात आणि पुष्कळदा डुकराची तळलेली कातडी किंवा चरबीही. म्हणून हॉटेलात सरळ विचारावं: वर काय घालता? तेल कुठलं? पोर्कचे डिमसम याच स्टीमरमध्ये होतात का? विचारायला लाज कसली, पैसे आपण देतो. कोळंबी शाफई मसलकात चालते, हनफी उलेमांमध्ये मात्र तिच्याबद्दल मतभेद आहेत. आपल्या मौलानांना विचारून घ्या.

'बान्ह बो' वेगळा. हा गोड, आतून मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार. व्हिएतनामी भाषेत 'बो' म्हणजे गायसुद्धा, पण यात गोश्त अजिबात नसतं. असतं ते तांदळाचं पीठ, साखर, यीस्ट, बऱ्याचदा नारळाचं दूध. जुन्या पद्धतीत मात्र आंबवायला तांदळाच्या दारूचा चोथा घालत, तेवढं विचारावं. व्हिएतनामच्या आन जियांग प्रांतात, जिथे चाम मुस्लिमांची वस्ती आहे, तिथे ताडाच्या गुळाचा पिवळसर बान्ह बो प्रसिद्ध आहे.

खरं सांगायचं तर हा आपल्या सांदणाचाच भाऊ. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत सांदण मटणाच्या सालनासोबत खातात. पूर्वी कोकणात पीठ फुगवायला माडी घालत, आता यीस्टने काम भागतं.

मग घरीच करून बघा. दोन वाट्या तांदूळ रात्रभर भिजवून नारळाच्या दुधात बारीक वाटा. अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा यीस्ट घाला. पीठ फुगून वर बुडबुडे आले की तेल लावलेल्या वाट्यांत ओतून पंधरा मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं नक्की बांधा, नाहीतर पाण्याचे थेंब पडून जाळी बसते.